दोर कोणी कापला?

मॅनेजमेंटच्या शिबिरांत एक गोष्ट हमखास सांगतात. कोंबडी डुकराला म्हणते, "आपण भागीदारीत खाणावळ काढू. पदार्थ एकच, हॅम आणि अंडी." डुक्कर क्षणभर विचार करून म्हणते, "नको गं बाई. तुझा त्यात नुसता सहभाग, माझा मात्र जीव जाणार." अमेरिकेत ही गोष्ट इतकी मुरली, की 'स्क्रम' नावाच्या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीत काम अंगावर घेणाऱ्यांना 'डुकरे' आणि बैठकीला नुसते येऊन बसणाऱ्यांना 'कोंबड्या' म्हणायची रीत पडली. २०११ साली स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेतून हे शब्द गेले. शिबिरांतून गोष्ट मात्र गेलेली नाही.

आस्था आणि बांधिलकी यांतला फरक सांगण्यासाठी ती वापरतात. ऐकायला चटपटीत आहे, पण विचार केला तर लंगडी. डुकराला विचारतो कोण? त्याला कापणारा दुसराच असतो. ज्याला नाही म्हणायची सोयच नाही, त्याच्या मरणाला बांधिलकी म्हणणे ही चेष्टा झाली. आपल्याकडे याच अर्थाने सिंहगडाची कथा सांगतात. तानाजी पडल्यावर मावळे माघारी वळले, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचा दोर कापून टाकला आणि मग मावळे जिवावर उदार होऊन लढले. 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार त्यातूनच रुळला. पण तिथेही दोर कापला सूर्याजीने, मावळ्यांनी नव्हे. शौर्याबद्दल शंका नाही. मात्र स्वतःचा दोर स्वतः कापणारा माणूस ही वेगळी जात आहे, आणि या लेखाला तीच हवी आहे.

त्या जातीचा नेटका विचार केला तो हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने, १९६० साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात. लोक 'बांधिलकी' हा शब्द सर्रास वापरतात, पण माणूस वर्षानुवर्षे एकाच वाटेने का चालत राहतो हे त्या शब्दाने उलगडत नाही, अशी त्याची तक्रार होती. उत्तरादाखल त्याने थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाकडून एक उदाहरण घेतले. एक माणूस घर विकत घेतो आहे. तो १६ हजार डॉलर म्हणतो, मालक २० हजारांवर अडून बसला आहे. घासाघीस चालू असताना गिऱ्हाईक पुरावाच पुढे करते: 'मी १६ हजारांहून जास्त देणार नाही, अशी मी एका तिसऱ्याच माणसाशी ५ हजार डॉलरची पैज लावली आहे.' मालकाचा नाइलाज होतो. त्याला कळून चुकते, की आता एक डॉलर वाढवणेही या माणसाला परवडणार नाही.

बेकरने याला 'बाजूची पैज' म्हटले. मूळ व्यवहार घराचा, पण त्याच्याशी काही संबंध नसलेली एक गोष्ट त्याला जोडून ठेवली, आणि त्या जोडण्याने माणूस बांधला गेला. त्याच्या मनात घराविषयी किती ओढ आहे याचा इथे प्रश्नच नाही. म्हणून आस्था वाढत वाढत शेवटी बांधिलकी होते, ही आपली समजूत मला पटत नाही. आस्था कितीही दाटली तरी ती आस्थाच राहते. बांधिलकी सुरू होते ती काहीतरी अडकवल्यावर: नाव, नोकरी, पैसा, घरातले नाते, गावातले स्थान. आणि अडकवणारा हात स्वतःचा असावा लागतो.

महाराष्ट्रात हे पाहायचे तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मुंबई-पुण्याइतकी उघडी जागा नाही. विधवाविवाहाला अनुकूल असणारी शिकलेली माणसे तेव्हा पुष्कळ होती. १८६० च्या दशकात विष्णुशास्त्री पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत विधवाविवाहोत्तेजक मंडळ काढले. १८६९ साली पांडुरंग विनायक करमरकर आणि वेणूबाई यांचे लग्न मंडळाच्या पुढाकाराने लागले, आणि लावणाऱ्यांवर बहिष्कार पडला. पुढच्याच वर्षी पुण्यात शंकराचार्यांसमोर वाद झाला. शास्त्राधार, स्मृतिवचने, व्याख्याने, पत्रके, कशाचीच कमतरता नव्हती. कसोटी मात्र भाषणाची नव्हतीच, ती पंगतीची होती. पुनर्विवाहित जोडप्याच्या घरी जाऊन पानावर बसलात, तर तुमच्या मुलीचे लग्न अडणार, श्राद्धाला भटजी मिळणार नाही. सभेला हजार माणसे येत आणि पंगतीला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हा फरक त्या काळी कोणालाही वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे या चळवळीच्या आघाडीचे. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. ते ३१ वर्षांचे होते, विधुर होते आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. मुलगा एखाद्या विधवेशी लग्न करून बसेल, ही वडिलांची धास्ती. त्यांनी घाईने स्थळ पाहिले आणि काही आठवड्यांतच ११ वर्षांच्या रमाबाईंशी रानड्यांचे लग्न झाले. सुधारकांच्या गोटात खळबळ उडाली, विरोधकांनी टाळ्या पिटल्या. त्याच मंडळाच्या विष्णुशास्त्री पंडितांवर पुढे तसाच प्रसंग आला, तेव्हा त्यांनी विधवेशीच लग्न केले.

यावरून रानड्यांना ढोंगी ठरवणे सोपे आहे, आणि गेली दीडशे वर्षे ते अधूनमधून होत आले आहे. बेकरच्या नजरेने पाहिले तर चित्र जरा बदलते. रानड्यांकडे बांधिलकीची वाण नव्हती. एक जुनी बांधिलकी आधीच तिथे बसली होती, वडिलांच्या शब्दाची. ती त्यांनी लहानपणापासून रोज थोडी थोडी घट्ट केली होती. विधवाविवाहासाठी मात्र त्यांनी तोवर बुद्धी खर्ची घातली होती, लोकांचे बोलणे सोसले होते, बहिष्कारही ओढवून घेतला होता. घरातले नाते पणाला लावले नव्हते. दोन ओढी समोरासमोर आल्या आणि जिच्याशी जास्त धागे जोडलेले होते ती जिंकली. १८९० सालच्या पंचहौद मिशनमधल्या चहाच्या प्रकरणातही असेच घडले. मिशनऱ्यांकडे चहा घेतल्यावरून पुण्यात काहूर उठले, ग्रामण्य झाले, आणि रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतले. स्वतःच्या भीतीपेक्षा बहिष्काराने गांजलेल्या मित्रांच्या कुटुंबांची अडचण त्यांना मोठी वाटली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरात टाकायलाच हवी. लग्न झाल्यापासून त्यांनी रमाबाईंना शिकवायला घेतले आणि घरातल्या बायकांचा कडवा विरोध असताना ते वर्षानुवर्षे थांबले नाहीत. पुण्याच्या सेवासदनाची उभारणी करणाऱ्या रमाबाई या शिक्षणातून घडल्या. तिथे रानडे बांधलेले होते.

आस्थेची बांधिलकी करायची यंत्रणा त्याच पुण्यात काही तरुणांनी जाणूनबुजून उभारली. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. सोसायटीच्या आजीव सभासदाने २० वर्षे नोकरी करायची, पगार महिना ७५ रुपये. बी. ए., एम. ए. झालेल्या माणसाला सरकारी खात्यात याच्या कितीतरी पट मिळत असे. हा नियम नुसत्या त्यागाची हौस म्हणून केलेला नव्हता. शाळा काढणारे उत्साही तरुण पाचसहा वर्षांनी मामलतदारी नाहीतर वकिली पकडतात आणि शाळा ओस पडते, हे सगळ्यांना माहीत होते. २० वर्षांचा शब्द जाहीरपणे दिला, की तो मोडताना नाक कापले जाते. हीच ती बाजूची पैज.

पण अशा व्यवस्थेतही वाद सुटत नाहीत. आजीव सभासदाने बाहेरची मिळकत करावी का, आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा की नाही, यावर सभासदांत खटके उडाले आणि १८९० साली टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. टिळकांना संस्थेबद्दल आस्था नव्हती असे म्हणायची कोणाची छाती आहे? सर्वस्व म्हणजे नेमके किती, याचा हिशेब तिथे जुळला नाही. पाचजण 'आम्ही कमिटेड आहोत' म्हणतात तेव्हा पाचांच्या मनात पाच वेगळे आकडे असतात. आजच्या स्टार्टअपमध्येही भागीदार फुटतात ते बहुधा याच आकड्यावरून.

टिळक गेल्यानंतर वर्षभराने, १८९१ च्या अखेरीस, गणित शिकवायला फर्ग्युसनमध्ये एक अबोल माणूस आला. धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे, मूळचे कोकणातल्या मुरुडचे. वक्तृत्व बेताचे, दिसणे साधे. त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारली होती. रानड्यांच्या पुढे उभा राहिला होता तोच प्रश्न कर्व्यांपुढे उभा राहिला. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी मित्र नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण गोदूबाई हिच्याशी पुण्यात लग्न केले. गोदूबाई म्हणजेच पुढच्या आनंदीबाई, सगळ्यांच्या 'बाया'. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातली ही पहिली विधवा विद्यार्थिनी.

लग्नानंतर दोघे मुरुडला गेले आणि गावाने बैठक घेतली. कर्व्यांबरोबर एका बैठकीवर कोणी बसायचे नाही आणि भावाने त्यांना घरात उतरवून घेतले, तर भावावरही बहिष्कार. आई त्याच गावात, त्याच घरात. कर्व्यांनी गावाशी भांडण मांडले नाही. त्यांनी घरी उतरणे सोडले. बेकरच्या निबंधाला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. या लग्नाने कर्व्यांचे गाव, घर, आई, भाऊ हे सगळे एकदम पैजेवर लागले. आता विधवांच्या प्रश्नावर 'माझी सहानुभूती आहे' असे म्हणून बाजूला बसायची सोयच उरली नाही. तो प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघरात राहायला आला होता.

आणि गोदूबाईंचे काय? कर्व्यांच्या धाडसाची गोष्ट आपण नेहमी सांगतो. पण पुरुषाने विधवेशी लग्न केले तर त्याला वाळीत टाकत. विधवेने लग्न केले तर तिला माणसातूनच उठवत. लग्न फसले असते तर कर्वे प्रोफेसर राहिले असते, गोदूबाईंना मात्र माघारी जायला जागा नव्हती. दोघांच्या पैजा बरोबरीच्या नव्हत्या.

लग्नाच्याच वर्षी कर्व्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी सुरू केली आणि १८९५ मध्ये तिचे नाव बदलून 'विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी' केले. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला. प्लेगच्या धामधुमीत तो पुण्याबाहेर हिंगण्याला, माळावरच्या एका झोपडीत गेला. कॉलेजात गणित शिकवायचे आणि चिखलकाट्यांतून हिंगण्याची पायपीट करायची, हा त्यांचा कित्येक महिन्यांचा क्रम होता. शिल्लक आश्रमाला, विम्याची पॉलिसीही आश्रमाला. फर्ग्युसनमधले गणित १९१४ पर्यंत चालूच होते.

कर्व्यांच्या बरोबरीने मंडळांत आणि परिषदांत बसणारी माणसे त्यांच्याहून चांगले बोलत. रानड्यांच्याच पुढाकाराने १८८७ पासून भरणारी सामाजिक परिषद दरवर्षी विधवाविवाहाचे, स्त्रीशिक्षणाचे ठराव करी. ठराव निरुपयोगी होते असे मी म्हणणार नाही, पण ठरावात एक खोड असते. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कायद्याचे विद्यार्थीही होते. उत्तम वकील होण्यासाठी आपण काय करणार, हे त्यांनी लिहिले. काहींचे लिहिलेले दुसऱ्याने वाचून त्याची दखल घेतली, काहींचे कोणी पाहिले नाही. मग प्रत्यक्ष खटल्यांवर काम करायला वेळ दिला, तेव्हा दखल घेतली गेलेल्यांनी कमी काम केले. संकल्प लोकांनी ऐकून घेतला, की आपण अर्धे वकील झालोच असे मनाला वाटते. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण पोट खरोखर भरल्यासारखे वाटते ही त्यातली गोम.

मग जाहीर शब्दाचा उपयोग काय? फर्ग्युसनच्या २० वर्षांचा उपयोग झाला तो कसा? फरक असा, की तिथे शब्दाला पगार आणि वर्षे बांधलेली होती. नुसते सांगणे फुकट असते. फिलिपाइन्समध्ये नावा अश्राफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी एका बँकेबरोबर केलेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. बचत करावीशी सगळ्यांनाच वाटत होती. काही खातेदारांना असे खाते देऊ केले, की स्वतःच ठरवलेली तारीख येईपर्यंत किंवा ठरवलेली रक्कम जमेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत. व्याज एक छदामही जास्त नाही. तरी २८ टक्के लोकांनी ते घेतले, आणि ज्या गटाला हे खाते देऊ केले होते त्याची बचत वर्षभरात इतरांच्या तुलनेत ८१ टक्क्यांनी वाढली. आपल्याकडच्या बायका भिशी लावतात ती याच हिशेबाने. पैसा घरात राहिला तर उडतो, आणि हप्ता चुकला तर चारचौघींत मान खाली जाते.

अण्णा कर्व्यांच्याच घरात याचे आणखी कडक उदाहरण घडले. थोरला मुलगा रघुनाथ, राधाबाईंचा. तोही गणिताचा प्राध्यापक. १९२१ साली त्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. खासगीत 'तुमचे बरोबर आहे' म्हणणारे डॉक्टर, प्राध्यापक, वकील पुष्कळ भेटत. १९२५ साली विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झाले. अश्लीलतेचे खटले झाले, दंड भरावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी दंड टळला नाही. मासिक कधीच पोट भरू शकले नाही. १९५३ मध्ये रघुनाथराव वारले, तोपर्यंत ते चालू होते. मूल नको हा निर्णय त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी मिळून घेतला, आणि शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी स्वतःवर करून घेतली. जे जगाला सांगायचे त्याचा पहिला खर्च स्वतःच्या देहावर टाकला. खासगीत मान डोलावणाऱ्यांपैकी किती जणांनी मासिकाची वर्गणी भरली असेल, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

बांधिलकीचे गुणगान एवढ्यावर थांबवायला हवे, कारण तिला एक विषारी बाजूही आहे. बॅरी स्टॉ याने १९७६ मध्ये विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीचे पैसे कोणत्या विभागात घालायचे ते ठरवायला लावले. ज्यांनी स्वतः निवडलेला विभाग बुडाला, त्यांनी पुढच्या फेरीत त्याच विभागात सर्वांत जास्त पैसे ओतले. पैज लावलेली असते म्हणून माणूस शहाणपण सोडतो. बुडीत धंद्यात घर गहाण टाकणारा आणि पक्ष भ्रष्ट झाला तरी झेंडा न सोडणारा कार्यकर्ता, दोघेही बांधलेलेच असतात.

अण्णा कर्वे या खड्ड्यात पडले नाहीत, हे मला त्यांच्या पायपिटीहून मोठे वाटते. विधवाविवाहाचा प्रचार करून मुलींचे फारसे भले होत नाही, त्यांना आधी शिकवून पायावर उभे करायला हवे, असे ध्यानात आल्यावर त्यांनी आश्रमाला लग्नाच्या प्रचारापासून दूर ठेवले. स्वतः विधवेशी लग्न करून सर्वस्व पणाला लावलेल्या माणसाने हे करावे, हे सोपे नव्हते. पुढे जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका हाती पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठाचाच घाट घातला. वय ५८. पद्धत बदलली, माणसे बदलली. मुली तेवढ्या बदलल्या नाहीत.

नुसती आस्था असणाऱ्यांना हिणवायचे कारण नाही, हेही याच विद्यापीठाने दाखवले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी जाहीर केली आणि कर्जबाजारी वाटणारा कारभार पायावर उभा राहिला. ठाकरसी गिरणीमालक होते. ते हिंगण्याच्या झोपडीत राहायला येणार नव्हते, आणि कोणी तशी अपेक्षाही केली नव्हती. चारदोन जण बांधलेले असावे लागतात. बाकीच्यांनी वेळेवर चेक पाठवला, पंगतीला पानावर बसले, तरी चालते. गडबड होते ती चेक न पाठवता स्वतःला बांधलेल्यांत मोजणाऱ्यांमुळे.

या हिशेबातली एक बाजू बहुतेक वेळा वगळली जाते. एक माणूस शिल्लक, विमा आणि संध्याकाळ संस्थेला देतो, तेव्हा घर कोण चालवते? कर्व्यांच्या घरात बायांनी चालवले, ओढाताण करून, मुलांना वाढवून, नवऱ्याच्या उदारपणावर करवादून. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या आणि १९१८ मध्ये अमेरिकेपर्यंत गेल्या. एकाने कापलेल्या दोरावर घरातली बाकीची माणसेही टांगलेली असतात, आणि त्यांना दरवेळी विचारलेले असतेच असे नाही.

अण्णांचे 'आत्मवृत्त' पुष्कळांच्या घरी असते. ते वाचलेले असेल तर बायांचे 'माझे पुराण' आणि पार्वतीबाईंची 'माझी कहाणी' ही दोन्ही पुस्तके मिळवून जरूर वाचा. त्याच कामाचा घरखर्च तिथे लिहिलेला आहे.